जर्मन बिलावरचा ‘मेअरवेर्टश्टॉयर’ म्हणजे काय?

जर्मनीतल्या खरेदीचे किंवा हॉटेलचे बिल हिशेबाला लावताना आमचे ग्राहक हटकून या शब्दापाशी थांबतात. फोड केली की तो सोपा आहे: मेअर म्हणजे अधिक, वेर्ट म्हणजे मूल्य, श्टॉयर म्हणजे कर. आपल्याकडे जीएसटीपूर्वी असलेल्या व्हॅटचाच हा जर्मन भाऊ. ‘श्टॉयर’चा मूळ अर्थ आधार, मदत असा होता. ‘मेअरवेर्ट’ अर्थशास्त्रात आधीपासून रुळलेला. कार्ल मार्क्सच्या लेखनातले ‘वरकड मूल्य’ ते हेच. कराच्या नावात मात्र त्याचा अर्थ निव्वळ हिशेबी आहे: खरेदीच्या किमतीत तुम्ही घातलेली भर.

हा शब्द करात येण्यामागे व्यापाऱ्यांचा खरा जाच होता. जर्मनीत १९१८ साली अर्धा टक्का दराने ‘उमझाट्सश्टॉयर’, म्हणजे उलाढालीवरचा कर आला. १९५१ मध्ये त्याचा दर ४ टक्के झाला. सूतगिरणीने विणकराला सूत विकले की कर, विणकराने शिंप्याला कापड विकले की पुन्हा कर, आणि तोही आधीचा कर मुरलेल्या किमतीवर. सुतापासून सदऱ्यापर्यंत सगळे स्वतःच करणारी मोठी कंपनी मात्र शेवटच्या विक्रीवर एकदाच भरे. लहान धंद्यांवर हा उघड अन्याय होता, असे आम्हाला वाटते. जर्मनीतल्या सीमेन्स या उद्योजक घराण्यातून १९२० च्या आसपासच सुधारित कराची, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर फक्त घातलेल्या भरीवर कर घेण्याची, कल्पना पुढे आली होती. पण ती प्रत्यक्षात आणण्यात फ्रान्सने १९५४ मध्ये आघाडी घेतली. डिसेंबर १९६६ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने जुन्या करातल्या या असमानतेवर बोट ठेवले आणि १ जानेवारी १९६८ पासून १० टक्के दराने नवी पद्धत सुरू झाली.

कायद्याचे नाव मात्र आजही जुनेच आहे. म्हणून एका बिलावर उमझाट्सश्टॉयर दिसतो, दुसऱ्यावर मेअरवेर्टश्टॉयर. कर एकच. सर्वसाधारण दर १९ टक्के, सवलतीचा ७.

आणखी एक जोडशब्द ओळखून ठेवा: ‘फोअरश्टॉयर’, म्हणजे खरेदीत आधीच भरलेला कर. जर्मन व्यापारी तो आपल्या देण्यातून वजा करतो, जसे आपण इनपुट टॅक्स क्रेडिट घेतो. पण जर्मनीत भरलेल्या कराचे क्रेडिट भारतातल्या जीएसटी विवरणपत्रात मिळत नाही. ती रक्कम तिथे दाखवू नका. जर्मनीतून थेट भारतात निर्यात होणाऱ्या मालावर, निर्यातीचा पुरावा असेल तर, हा कर सहसा लागत नाही. अशा बिलात १९ टक्के लावलेले दिसले, तर पैसे पाठवण्याआधी पुरवठादाराला विचारा आणि बिलाची प्रत आमच्याकडे पाठवा.