व्रण, स्टोमा व मलमूत्र-नियंत्रण परिचर्या

जुने व न भरणारे व्रण, शस्त्रक्रियेने पोटावर काढलेले आतड्याचे किंवा मूत्रमार्गाचे तोंड (स्टोमा) आणि मलमूत्रावरील सुटलेला ताबा या तीन प्रकारच्या रुग्णांची शुश्रूषा करणारी परिचर्येची विशेष शाखा. तिन्ही कामे वरवर वेगळी वाटली तरी त्यांना जोडणारा दुवा त्वचा हा आहे. शय्याव्रण, स्टोमावर मलमूत्र गोळा करण्यासाठी लावलेल्या पिशवीखाली सोललेली कातडी आणि सततच्या ओलाव्याने आलेले चट्टे यांवरील उपाय बव्हंशी एकाच ज्ञानावर उभे असतात. प्रस्तुत नोंदीत या शाखेतील व्यावसायिक सभासदत्व, प्रमाणपत्रे व नोकरीच्या वाटा यांचा विचार मुख्यत्वे ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात केला आहे.

या शाखेचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. काही भारतीय लेखक तो थेट सुश्रुतसंहितेपर्यंत नेतात. तिच्या चिकित्सास्थानात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले असून व्रणिताच्या निवासाचा व आहाराचाही स्वतंत्र विचार आहे. तथापि या संहितेचे थर निरनिराळ्या काळांतील असून इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांपासून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत तिचा काळ मागेपुढे नेला जातो. शिवाय तेथील परिचारक हा वैद्याच्या हाताखालचा सेवक आहे, स्वतंत्र व्यवसायाचा सभासद नव्हे. पाश्चात्त्य लेखक बहुधा १९५८ हे वर्ष मानतात. ओहायओ राज्यातील ॲक्रन येथील नॉर्मा गिल यांच्यावर त्याआधी काही वर्षे इलिऑस्टोमीची (लहान आतड्याचे टोक पोटावर काढण्याची) शस्त्रक्रिया झाली होती. त्यांचेच शल्यविशारद रूपर्ट टर्नबुल यांनी त्यांना त्या वर्षी क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये इतर रुग्णांना शिकविण्यासाठी नेमले. दुसरे मत १९६१ मध्ये तेथेच निघालेल्या प्रशिक्षणवर्गाला महत्त्व देते आणि तिसरे १९६८ च्या स्टोमातज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेला. व्यवसाय म्हणून विचार करता प्रशिक्षण व संघटना यांच्यामुळेच त्याला आकार येतो, म्हणून शेवटची दोन मते अधिक ग्राह्य वाटतात. मात्र गिल स्वतः प्रशिक्षित परिचारिका नव्हत्या, ही गोष्ट तिन्ही मतांना अडचणीची आहे. आरंभीचे अनेक स्टोमातज्ज्ञ हे पूर्वीचे रुग्णच होते आणि प्रवेश नोंदणीकृत परिचारिकांपुरता मर्यादित झाला तो १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात.

टर्नबुल यांच्याच नावाशी निगडित असलेली एक बाब विदर्भातील वाचकास जवळची वाटावी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस त्यांनी स्टोमाभोवतालची कातडी वाचविण्यासाठी कराया डिंकाची पूड वापरली. हा डिंक कांडोळ किंवा कडई या पांढऱ्या खोडाच्या झाडापासून मिळतो. मध्य भारतातील कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवर, मेळघाटातही, हे झाड आढळते. ओलावा शोषून फुगणे आणि कातडीला चिकटून राहणे हा या डिंकाचा गुण होय, आणि कवळी बसविण्यासाठीही तो वापरात होता. लघवीने मात्र तो लवकर विरघळतो. पुढे पेक्टिन, जिलेटिन व सेल्युलोज यांपासून केलेल्या, पिशवी कातडीवर चिकटवून ठेवणाऱ्या चकत्यांनी त्याची जागा बरीचशी घेतली.

सभासदत्व, प्रमाणपत्र आणि पद या तीन गोष्टी वेगवेगळ्या असूनही पुष्कळदा एकच समजल्या जातात. अमेरिकी संघटनेने १९९२ मध्ये व्रण, स्टोमा व मलमूत्र-नियंत्रण असे आजचे त्रिविध नाव धारण केले. वर्गणी भरून तिचे सभासद होता येते, पण प्रमाणपत्र देणारे मंडळ स्वतंत्र आहे. त्यासाठी नोंदणी व पदवी यांबरोबर मान्य अभ्यासक्रम किंवा प्रत्येक विषयात मागील पाच वर्षांतील १,५०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, परीक्षा द्यावी लागते आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १९७८ मध्ये मिलान येथे स्थापन झालेली जागतिक परिषद निरनिराळ्या देशांतील स्टोमा परिचारिकांना एकत्र आणते. तिच्या पहिल्या अध्यक्ष गिल याच होत्या.

भारतात परिचारिकेचे पहिले सभासदत्व हे कायद्याने आलेले असते. महाराष्ट्रात ते १९६६ च्या अधिनियमाखालील महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीचे होय. त्याखेरीज १९०८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघाचे सभासदत्व ऐच्छिक आहे. स्टोमा परिचर्येचे शिक्षण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात मिळते. वर्ध्याहून ते रेल्वेने सुमारे ७५० किमी. दूर पडते. लेकरांना घरी ठेवून जाणाऱ्या अधिपरिचारिकेला हे अंतर शुल्कापेक्षा जड जाते. शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी बढतीची चढती शिडी आहे, तीत विशेष अभ्यासक्रमाला वेगळी पायरी नाही. व्रणोपचारक (मलमपट्टी करणारा) हे पद जुन्या आस्थापनेत आहे, पण ते परिचर्येच्या संवर्गाबाहेरचे. परिणामी, मुंबईहून शिकून आलेली सिस्टर आठवडाभर प्रसूती कक्षात असते आणि पिशवीचा रुग्ण आला की तिला तेवढ्यापुरते बोलावले जाते. याउलट नागपुरातील कर्करोग रुग्णालये, सेवाग्राम व सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालये आणि पिशव्या बनविणाऱ्या कंपन्या यांना अशा हातांची गरज असते. घरपोच शुश्रूषेचा व्यवसायही शहरांत वाढतो आहे.

विदर्भात या कामाची परंपरा मात्र जुनी आहे, आणि ती संदर्भग्रंथांत क्वचितच या शाखेशी जोडली जाते. वर्ध्याजवळील दत्तपूर येथील मनोहर दिवाण यांचे कुष्ठधाम (१९३६), शिवाजीराव पटवर्धन यांचे अमरावतीचे तपोवन (१९४६) आणि बाबा आमटे यांचे वरोऱ्याचे आनंदवन (१९४९) या संस्थांमधील कार्यकर्त्यांनी कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या पायांच्या व्रणांची निगा दीर्घकाळ केली. पाय पाण्यात भिजविणे, घट्टा खरवडणे, तेल लावणे, मऊ रबराची चप्पल घालणे आणि रोज रात्री तळवा पाहणे ही त्यांची पद्धत. यांपैकी मऊ पादत्राण व रोज तळवा पाहणे आज मधुमेही पायासाठीही शिकविले जाते, पाय भिजविणे व घट्टा स्वतः खरवडणे मात्र तेथे टाळावयास सांगतात. पूर्व विदर्भातील हत्तीपायाच्या रुग्णांना बोटांच्या बेचक्या धुऊन कोरड्या ठेवण्यास सांगणारी आरोग्यसेविकाही हेच काम करते, जरी तिच्या नोंदवहीत त्याला हे नाव नसते.

स्टोमाची जागा शस्त्रक्रियेपूर्वी ठरविणे हे या शाखेचे सर्वांत कौशल्याचे काम. रुग्णाला निजवून, बसवून, वाकवून व उभे करून पोटाच्या वळ्या पाहिल्या जातात आणि पोटाच्या मध्याशेजारून उभ्या जाणाऱ्या सरळ स्नायूवर, वळीपासून दूर, त्याला स्वतःला दिसेल अशा ठिकाणी खूण केली जाते. परदेशी पुस्तकांत पँटच्या पट्ट्याचा विचार असतो. येथे लुगड्याच्या निऱ्या कोठे खोचल्या जातात, धोतराची गाठ कोठे येते, कापूस वेचताना कमरेला बांधलेल्या ओटीचे ओझे कोठे पडते आणि मांडी घालून बसल्यावर पोट कसे दुमडते, हे पाहावे लागते. चकतीचे भोक स्टोमाच्या तोंडापेक्षा २ ते ३ मिमी. मोठे कापतात. त्याहून मोठे झाल्यास विष्ठा कातडीला लागते. सूज सहा ते आठ आठवड्यांत उतरत असल्याने माप पुन्हा घ्यावे लागते. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा ४५ अंशांवर गेला की घामाने चकती वेळेआधी सुटते, म्हणून उन्हाळ्यात पिशव्या जास्त लागतात. त्या तालुक्याच्या औषध दुकानात सहसा ठेवलेल्या नसतात. स्टोमाला वेदनेची संवेदना नसते, हे रुग्णाला आधीच सांगितले नाही तर तो हात लावायला धजत नाही.

तिसऱ्या अंगाविषयीची, म्हणजे मलमूत्र-नियंत्रणाविषयीची, माहिती तुटपुंजी आहे. बाळंतपणानंतर लघवी न थांबणे किंवा अंग बाहेर येणे या तक्रारी स्त्रिया डॉक्टरांपेक्षा आशाताईंना आधी सांगतात, आणि त्याही आडून. राणी व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला होता, तर पूर्वी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. तो अभ्यास मूत्रनियंत्रणाचा नव्हे, परंतु न सांगितलेल्या दुखण्याचा आवाका त्यावरून कळतो. झाडावरून पडून मणक्याला इजा झालेल्या रुग्णास दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी स्वतःच नळी घालून मूत्राशय रिकामे करण्यास शिकविणे हेही याच परिचारिकेचे काम होय. नळी दर वेळी निर्जंतुक असलीच पाहिजे असे नाही, साबणाने धुतलेलीही चालते. विहिरीवरून पाणी आणणाऱ्या घरात धुण्याचे पाणी कोठून व किती येणार, हे तिने शिकविण्याआधी विचारून घ्यावयाचे असते.