पाटीवरचं ‘निदान’

नौपाड्यातलं असो की वाशीतलं, सोनोग्राफी सेंटरच्या दारात ती पाटी असतेच : ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.’ मध्यंतरी ठाण्यात अशाच एका पाटीखाली बसून एक आजी शेजारणीला सांगत होत्या, “आमच्या सुनेला दोन्ही मुलीच. तिच्या आईलाही मुलीच ना!”

एक्स-एक्स आणि एक्स-वाय शाळेत सगळेच शिकतात, ते पुन्हा उगाळत नाही. पण हे प्रथम कळलं ते पिठात पडणाऱ्या किड्यावरून. १९०५ साली एका अमेरिकन संशोधिकेला मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रं दिसली. नराच्या पेशीत १९ मोठी आणि एक अगदी बारकं. नराच्या निम्म्या शुक्रपेशींत ते बारकं जातं, निम्म्यांत नाही. म्हणजे ठरतं ते बापाकडून. माणसाच्या बाबतीत मात्र घोळ लांबला. आपली गुणसूत्रं ४८ नव्हे, ४६ आहेत हे १९५६ साली कळलं. फळमाशीत एक्स किती आहेत यावर नर-मादी ठरते, तसंच आपलंही असेल असा समज होता. दोन एक्स आणि एक वाय असलेले पुरुष आणि एकच एक्स असलेल्या स्त्रिया १९५९ मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा कुठे वायची किंमत कळली. त्यातलं नेमकं जनुक हाती लागायला १९९० उजाडलं.

आजींपर्यंत यातलं काहीच पोचलं नाही. तपासणी मात्र झटकन पोचली. १९७० च्या दशकात गर्भजल तपासणी आपल्याकडे आली ती व्यंग शोधायला. गर्भजलात बाळाच्या पेशी असतात. गुणसूत्रं मोजताना मुलगा की मुलगी तेही दिसतं. पुढच्या दशकात मुंबई परिसरात याच्या उघड जाहिराती होत्या. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिला कायदा केला. केंद्राचा १९९४ चा, लागू झाला १९९६ पासून.

आता या ‘निदान’ शब्दाचं बघा. निदान मलेरियाचं होतं, मधुमेहाचं होतं. मुलगी असण्याचं निदान कसलं करायचं? कायद्याच्या नावातही तोच शब्द बसला आणि तिथेच फट राहिली. कायदा होता गर्भ राहिल्यानंतरच्या तपासण्यांचा. वायवाल्या शुक्रपेशी आधीच वेगळ्या काढल्या, किंवा प्रयोगशाळेतल्या भ्रूणांतून मुलाचाच निवडला, तर त्यात निदान कुठे आणि गर्भपात कुठे? २००३ च्या दुरुस्तीने ‘गर्भधारणापूर्व’ हा शब्द जोडला आणि निवड हाच गुन्हा ठरला. त्यावर दोन मुली असलेलं एक दांपत्य मुंबईत उच्च न्यायालयात गेलं : कुटुंबात समतोल हवा, मुलगा निवडू द्या. २००७ मध्ये न्यायालयाने नकार दिला. माझ्या मते योग्यच केलं. दोन मुलगे आहेत, समतोलासाठी मुलगी द्या, असं म्हणत कोर्टाची पायरी चढलेलं कोणी निदान माझ्या तरी ऐकण्यात नाही.

हिमोफिलियासारख्या आजारांसाठी मात्र कायद्याने तपासणी मोकळी ठेवली आहे, आणि तिथे ‘निदान’ शब्द शोभतो. आईच्या दोनपैकी एका एक्सवर दोष असेल, तर तो मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. त्याच्याकडे सावरायला दुसरा एक्स नसतो. बापाचा एक्स जातो फक्त मुलीकडे. वंशाच्या दिव्याच्या वाट्याला त्या जोडीतला बुटका वायच येतो.

पुढचं सगळं कागदावरचं भांडण. ‘फॉर्म एफ’ या गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या सक्तीच्या नोंदपत्रातली चूक ही कारकुनी मानायची की गुन्हा, यावर डॉक्टरांच्या संघटनेने दिलेला लढा २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. दरम्यान राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. आता तर सुईने गर्भजल काढायचीही गरज नाही. आईच्या रक्तात बाळाचा डीएनए फिरत असतो हे १९९७ पासून माहीत आहे, आणि दहाव्या आठवड्यात दंडातून काढलेलं रक्त तपासणीला पुरतं. यंत्राला वाय दिसायचा तो दिसतोच. हातात पडणाऱ्या रिपोर्टात मात्र ती ओळ छापता येत नाही.