रूपकातून वाचक कोणता निष्कर्ष काढतो

जुलै १८६६ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी चार्ल्स डार्विन यांना पत्र लिहून 'नॅचरल सिलेक्शन', म्हणजे नैसर्गिक निवड, ही त्यांची संज्ञा बदलावी, असा आग्रह धरला. निवड म्हटली की निवडणारा कोणीतरी आलाच, आणि म्हणून चांगले बुद्धिमान वाचकही निसर्गाला बरेवाईट पारखणारी शक्ती समजून बसतात, अशी त्यांची तक्रार होती. तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर यांचा 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट', म्हणजे सर्वांत योग्य असतील त्यांचे टिकून राहणे, हा शब्दप्रयोग त्यांना अधिक सरळ वाटत होता. डार्विन यांनी या प्रकारच्या आक्षेपाला आपल्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथाच्या १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीतच उत्तर दिले होते: गुरुत्वाकर्षण ग्रहांच्या गतीवर सत्ता चालवते असे लिहिले, तर कोणी हरकत घेत नाही, अशा रूपकांचा आशय सर्वांना कळतो आणि थोडक्यात लिहायचे तर ती जवळजवळ अपरिहार्य असतात. तरीही १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत त्यांनी स्पेन्सर यांचा शब्दप्रयोग स्वीकारला, पण मूळ संज्ञा सोडली नाही. पुढे 'फिटेस्ट' म्हणजे सर्वांत बलवान, असा समज पसरला आणि एक गैरसमज टाळण्यासाठी आणलेल्या शब्दाने दुसरा जन्माला घातला.

इंग्रजी लेखनाच्या मार्गदर्शनात अलंकार आणि स्पष्टता यांना एकमेकांच्या विरोधात उभे करण्याची पद्धत आहे: ललित लेखनात अलंकार असावेत आणि माहितीपर लेखनात ते टाळावेत. वॉलेस आणि डार्विन यांचा वाद पाहिला, तर ही विभागणी फारशी उपयोगाची नाही, हे ध्यानात येते. दोघांनाही स्पष्टताच हवी होती. मतभेद एवढाच होता की, त्या रूपकाच्या आधारे वाचक पुढे कोणते निष्कर्ष काढील. माझ्या मते रूपकाची परीक्षा याच प्रश्नाने करावी, त्याच्या सौंदर्याने नव्हे.

वाचकाला रूपकाकडे दुर्लक्ष करता येत नाही, हे मानसशास्त्रज्ञ सॅम ग्लक्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रयोगाने दाखवले. वाक्य शब्दशः खरे आहे की खोटे, एवढेच सहभागी व्यक्तींनी शक्य तितक्या लवकर सांगायचे होते. 'सम जॉब्ज आर स्नेक्स', म्हणजे काही नोकऱ्या साप असतात, हे वाक्य त्यांनी चटकन खोटे ठरवले. 'सम जॉब्ज आर जेल्स', म्हणजे काही नोकऱ्या तुरुंग असतात, हे वाक्यही शब्दशः तितकेच खोटे आहे, पण ते नाकारायला त्यांना जास्त वेळ लागला. आधी वाच्यार्थ लावायचा, तो जुळला नाही की मग लक्ष्यार्थाकडे वळायचे, अशी पायरीपायरीची कल्पना त्याआधी प्रचलित होती. तसे असते, तर दोन्ही वाक्ये पहिल्याच पायरीवर सारख्याच वेगाने बाद झाली असती. लक्ष्यार्थ मनात आपोआप उमटतो आणि मग त्याला बाजूला सारावे लागते, असा या विलंबाचा अर्थ आहे. तेव्हा 'हे केवळ आलंकारिक आहे' असा खुलासा पुढच्या वाक्यात करून लेखकाची सुटका होत नाही.

नवे आणि रुळलेले रूपक यांच्यातला फरकही तपासला गेला आहे. ब्रायन बाउडल आणि डेड्रे जेंटनर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, नव्या कल्पनेत वाचक उपमेय आणि उपमान समोरासमोर ठेवून त्यांची तुलना करतो, आणि तीच कल्पना वापरून रुळली की उपमानाला स्वतःचा एक ठरलेला अर्थ चिकटतो व तुलनेची गरज उरत नाही. म्हणूनच अनोळखी कल्पना 'लाइक' लावून उपमेच्या रूपात वाचायला सोपी जाते आणि परिचित कल्पना थेट रूपक म्हणून. लेखकाच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे: कल्पना स्वतःची असेल, तर ती उपमा म्हणून मांडावी आणि साधारणधर्म वाक्यातच सांगून टाकावा.

पूर्णपणे रुळलेले रूपक निरुपद्रवी असते. कल्पना 'ग्रास्प' केली, म्हणजे शब्दशः मुठीत पकडली, असे वाचताना कोणालाही मूठ दिसत नाही. त्रास होतो तो अर्धवट जिवंत रूपकांचा. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ च्या एका निबंधात त्याचे नेमके लक्षण टिपले आहे. रेषेला पायाचे बोट लावून उभे राहणे, या मूळ चित्रावरून शिस्त पाळण्यासाठी इंग्रजीत 'टो द लाइन' म्हणतात. पण कित्येक जण पायाच्या बोटाचे स्पेलिंग सोडून, उच्चार तोच असलेल्या, दोरीने ओढणे या अर्थाच्या क्रियापदाचे स्पेलिंग लिहितात. ज्याला रेषा आणि बोट दिसत असेल, त्याच्या हातून ही चूक व्हायची नाही. एकाच वाक्यात होडी वादळात सापडते आणि लगेच तिची मुळे रुजतात, असली भेसळही याच आंधळेपणातून होते.

चित्र ताजे आणि सुसंगत असले, तरी काम संपत नाही, हे दाखवणारा सर्वांत बोलका अभ्यास विजेसंबंधी आहे. डेड्रे जेंटनर आणि डोनाल्ड जेंटनर यांनी १९८३ मध्ये साध्या विद्युतपरिपथांची उदाहरणे नवख्या विद्यार्थ्यांना सोडवायला दिली. काही विद्यार्थी विद्युतधारेला नळीतून वाहणारे पाणी मानत होते, तर काही तिला धावणारी गर्दी मानत होते. पाण्याच्या चित्रात बॅटरी म्हणजे उंचावरची टाकी. दोन टाक्या एकीवर एक ठेवल्या की उंची आणि दाब दुप्पट होतो, शेजारी शेजारी ठेवल्या तर दाब तेवढाच राहतो. एकसर आणि समांतर जोडणीतल्या बॅटऱ्याही अशाच वागतात. पण रोध म्हणजे पाण्याच्या वाटेतला अडथळा एवढेच डोळ्यांपुढे असेल, तर दुसरा रोध कुठेही जोडला तरी धारा कमीच होणार, असे वाटते, आणि समांतर जोडणीत ते साफ चुकीचे ठरते. गर्दीच्या चित्रात रोध म्हणजे फाटक: दोन फाटके शेजारी शेजारी असली की दुप्पट माणसे बाहेर पडतात, आणि उत्तर बरोबर येते. त्या चित्रात बॅटरीला मात्र धड जागा सापडत नाही. निकालही तसाच लागला. पाणी मानणाऱ्यांना बॅटऱ्यांची उदाहरणे अधिक चांगली सुटली आणि गर्दी मानणाऱ्यांना रोधांची.

दोन्ही चित्रे स्पष्ट होती आणि दोन्ही एका मर्यादेपर्यंत खरी होती. म्हणून विज्ञानविषयक इंग्रजी लेखनात मला तो लेखक अधिक भरवशाचा वाटतो, जो उपमान वापरून झाल्यावर ते कुठे तुटते, हे त्याच परिच्छेदात सांगतो आणि वेळ आली की ते मुकाट्याने सोडून देतो. एकच उपमान प्रकरणभर ताणण्याचा हौशी प्रकार बहुधा दुसऱ्या पानापर्यंतच टिकतो.

वाक्प्रचारांच्या बाबतीत लेखकाची फसगत आणखी वेगळ्या प्रकारे होते. बोआझ केसार आणि ब्रिजेट ब्लाय यांनी १९९५ च्या प्रयोगात 'द गूज हँग्ज हाय', म्हणजे हंस उंच टांगलेला आहे, यासारखे वापरातून गेलेले इंग्रजी वाक्प्रचार निवडले. या वाक्प्रचाराचा मूळ अर्थ परिस्थिती आशादायक आहे, असा होतो. सहभागींपैकी काहींना गोष्टीच्या संदर्भातून मूळ अर्थ शिकवला गेला आणि काहींना नेमका उलटा. जो अर्थ ज्याने शिकला, तोच त्याला त्या शब्दांतून सहज निघणारा वाटला, आणि ज्यांना काहीच सांगितलेले नाही, तेही हाच अर्थ लावतील, असे त्याने गृहीत धरले. आपलाच मसुदा पुन्हा वाचणाऱ्या लेखकाची अवस्था अगदी हीच असते, त्यामुळे अशा चुका त्याच्या नजरेतून सुटतात. मसुदा तपासायला द्यायचा तो ज्याला विषय नवा आहे अशा वाचकाला. आणि त्याला 'समजले का' असे विचारून भागत नाही, कारण त्याचे उत्तर बहुतेक वेळा 'हो' असेच येते. या वर्णनावरून पुढे काय घडेल असे वाटते, हे त्याला विचारावे लागते.