इबोरी की इले ओरी? कवड्यांच्या दोन शंकूंचा घोळ

कवड्यांनी गच्च मढवलेला, वर निमुळता होत गेलेला शंकू. नैऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या जुन्या पूजावस्तूंचे फोटो पाहताना हा आकार हटकून भेटतो. नाव मात्र कधी ‘इबोरी’, कधी ‘इले ओरी’. फोटोत माप कळत नाही, तिथेच घोळ होतो.

‘ओरी’ म्हणजे डोकं, पण दिसतं ते नव्हे, आतलं. जन्माआधी अजाला नावाच्या स्वर्गातल्या कुंभाराकडून प्रत्येकजण आपलं डोकं निवडून आणतो आणि नशीब त्यातच असतं, अशी श्रद्धा. आपल्याकडे पाचवीला सटवाई कपाळावर लिहून जाते, तिला निदान बोल तरी लावता येतो. तिथे निवड ज्याची त्याची!

इबोरी म्हणजे या ओरीची जणू मूर्तीच. हातात मावेल एवढा चामड्याचा शंकू, आत इफा या योरुबा कौल लावण्याच्या पद्धतीत वापरतात ती पूड. चहूबाजूंनी शिवून बंद. उघडायचा प्रश्नच नाही.

‘इले’ म्हणजे घर. इबोरी ज्यात ठेवायची ती पेटी म्हणजे इले ओरी. ती बरीच मोठी, झाकण असलेली, राजमुकुटाची आठवण करून देणारी. कवड्या दोन्हींवर सारख्याच बसवतात: पाठीचा फुगवटा काढून सपाट, दातेरी फट बाहेर. त्यामुळे नुसत्या कवड्या पाहून काही कळणार नाही, झाकण शोधावं.

दुसरी खूण कवड्यांच्या संख्येची. योरुबा इतिहासकार सॅम्युअल जॉन्सन यांनी ओरीच्या प्रतीकाला ४१ कवड्या सांगितल्या आहेत, पेटीला मात्र १२,००० पर्यंत. कवडी तेव्हा तिथे चलन होती. मालदीवच्या समुद्रातली कवडी युरोपियन जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत पोचायची. म्हणजे पेटीवर शिवलेला होता तो रोकडा पैसा. जेवढी ऐपत तेवढं मोठं घर. शिवणाऱ्या चर्मकाराची मजुरीही जेवढ्या कवड्या लावल्या तेवढ्याच, म्हणजे खर्च थेट दुप्पट.

जुनी इले ओरी सहसा हाती का लागत नाही, तेही जॉन्सन यांच्याच नोंदीवरून उमगतं. मालक वारला की त्याच्या ओरीचं प्रतीक आणि पेटी दोन्ही मोडून टाकत, आणि कवड्या खर्चून टाकत.