चुन्यापासून पाच टक्क्यांपर्यंत

पुण्यातल्या कुठल्याही टपरीवर तंबाखू मळणाऱ्याला विचारा, चुना कशाला? ‘त्याशिवाय लागत नाही,’ एवढंच तो सांगेल, आणि ते शास्त्राला धरूनच आहे. तंबाखूच्या पानात निकोटीन आम्लांशी बांधलेलं असतं. चुन्याने ते मोकळं होतं आणि तोंडातल्या आतल्या कातडीतून भराभर रक्तात उतरतं. ई-सिगारेटमध्ये निकोटीनचा द्रव तापवून त्याची वाफ ओढतात; तिच्यातलं निकोटीन वाढत गेलं ते मात्र नेमकं उलट्या युक्तीने.

आज दिसते त्या ई-सिगारेटचं श्रेय चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक यांना जातं; साल 2003. (अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी 1963 मध्येच धूरविरहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, पण ती बाजारात चालली नाही.) सुरुवातीच्या द्रवांत चुना लावल्यासारखंच मोकळं निकोटीन असायचं. असं निकोटीन वाफेतून ओढलं की घसा खवखवतो, ठसका लागतो. म्हणून मिलिलिटरला साधारण 6 ते 24 मिलिग्रॅम एवढ्यावरच बहुतेक द्रव थांबत. मर्यादा कायद्याने घातली नव्हती, घशाने घातली होती.

ती 2015 मध्ये मोडली. अमेरिकेत ‘जूल’ नावाची ई-सिगारेट बाजारात आली, तिच्या द्रवात निकोटीनमध्ये बेन्झोइक आम्ल मिसळून त्याचा क्षार केलेला होता. आम्लामुळे वाफ मऊ झाली आणि 5 टक्के, म्हणजे मिलिलिटरला सुमारे 59 मिलिग्रॅम निकोटीन ठसका न लागता छातीत जाऊ लागलं. जेमतेम 0.7 मिलिलिटरच्या एका पॉडमध्ये (द्रवाच्या छोट्या कुपीत) 20 सिगारेटच्या पाकिटाइतकं निकोटीन आहे, असं कंपनीच सांगत होती. मग स्पर्धकही त्याच आकड्याच्या मागे धावले. पुढे आलेल्या वापरून फेकायच्या व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, द्रवाची टाकीही मोठी होत गेली.

धोका इथेच आहे. पहिल्याच झुरक्याला ठसका लागून सिगारेट टाकून देणारी मुलं प्रत्येक पिढीत असतात. आंबा नाहीतर पुदिन्याच्या चवीची मऊ वाफ कुणी टाकून देत नाही. शिवाय सिगारेट जळून संपते, व्हेप खिशात असते, वर्गात जाता-येताही ओढता येते. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात निकोटीनची सवय लवकर जडते, लक्ष आणि मनःस्थिती दोन्हींवर परिणाम होतो. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो तो वेगळाच. इतका तीव्र द्रव घरातल्या लहान मुलाने गिळला तर विषबाधा होऊ शकते.

युरोपीय संघाने 2014 च्या निर्देशात मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा ठरवली. इस्रायलने 2018 मध्ये त्याहून तीव्र जूलवर बंदी घातली. अमेरिकेने अशी मर्यादा घातली नाही, आणि डिसेंबर 2018 मध्ये तिथल्या सर्जन जनरलना, म्हणजे सरकारच्या प्रमुख आरोग्य-सल्लागारांना, किशोरांमधल्या व्हेपिंगला रोगाच्या साथीची उपमा द्यावी लागली.

भारताने आकड्याच्या भानगडीत न पडता 18 सप्टेंबर 2019 ला अध्यादेश काढून उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळंच बंद केलं. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. विक्रेत्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्याला शिक्षा नाही. त्याच सुमारास अमेरिकेतून व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होऊन झालेल्या मृत्यूंच्या बातम्या येत होत्या. त्यातली बहुतेक प्रकरणं गांजातल्या टीएचसीच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटची निघाली. पण लोकांच्या डोक्यात ‘व्हेप म्हणजे फुप्फुसं’ एवढंच बसलं आणि निकोटीनचा मुद्दा मागे पडला.

बंदीनंतर काय होतं हे महाराष्ट्राला 2012 च्या गुटखाबंदीपासून ठाऊक आहे. फर्ग्युसन रस्त्यावर संध्याकाळी उभं राहिलात तर आंब्याचा गोड वास आंब्याचा मोसम नसतानाही येतो. बंदी हवीच, याबद्दल माझं दुमत नाही. पण चोरट्या मालावर ना मर्यादा, ना तपासणी. वेष्टनावर ‘5 टक्के’ छापलेलं असतं, आणि शाळेत शंभरपैकी पाच मार्क म्हणजे काहीच नाही असं शिकलेल्या मुलाला तो आकडा किरकोळच वाटतो.