ईश्वराच्या सान्निध्याची साधना : प्रार्थना आणि ध्यान यांची पार्श्वभूमी

प्रार्थना आणि ध्यान या दोन गोष्टींचा उल्लेख आज बहुधा जोडीनेच होतो आणि ईश्वराच्या जवळ जाऊ पाहणाऱ्या साधकाला बहुतेक धर्मपरंपरा या दोहोंचाच आधार घ्यायला सांगतात. त्यांचे उगम मात्र वेगवेगळे आहेत. प्रार्थनेत माणूस कोणाशी तरी बोलतो. मागणे मागतो, आभार मानतो, क्षमा याचतो, क्वचित भांडतोही. ध्यानात तो मन एका जागी स्थिर करू पाहतो आणि त्यासाठी समोर देव असलाच पाहिजे असे नाही. बौद्ध आणि जैन परंपरांनी सृष्टिकर्ता ईश्वर न मानताही ध्यानाचे अतिशय सूक्ष्म शास्त्र उभे केले. बोलणे आणि स्थिरावणे या दोन प्रवाहांचा संगम अनेक ठिकाणी, एकमेकांच्या गावीही नसलेल्या लोकांनी घडवून आणला. त्याचे मोठे श्रेय कोणत्याही तत्त्वज्ञानापेक्षा एका साध्या साधनाकडे जाते, असे मला वाटते. ते साधन म्हणजे एखादे नाम किंवा लहानसे वाक्य मनापासून पुन्हा पुन्हा म्हणत राहणे.

भारतीय परंपरेत हा संगम टप्प्याटप्प्याने होताना दिसतो. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात की आत्मा पाहावा, ऐकावा, त्याचे मनन करावे आणि निदिध्यासन, म्हणजे अखंड चिंतन, करावे. या उपदेशात याचनेला जागा नाही. तिथे शोध आहे. श्वेताश्वतर उपनिषदात चित्र बदलते. त्याचा दुसरा अध्याय साधकाने कुठे आणि कसे बसावे याचा तपशील देतो : जागा सपाट व स्वच्छ असावी, तिथे खडे, वाळू किंवा विस्तव नसावा, छाती, मान आणि मस्तक सरळ रेषेत धरावे, श्वास संथ करावा. त्याच उपनिषदाच्या शेवटी मात्र हे ज्ञान ज्याची देवावर आणि गुरूवर सारखीच परम भक्ती आहे त्यालाच उमगते, असे सांगितले आहे. आसन आणि शरणागती एकाच ग्रंथात येतात, हे या इतिहासातले महत्त्वाचे वळण आहे. पुढे पतंजलींच्या योगसूत्रांत ईश्वरप्रणिधान, म्हणजे ईश्वराला शरण जाणे, हा समाधीचा एक मार्ग म्हणून मान्य झाला आणि ईश्वराचा वाचक असलेल्या ओंकाराचा जप, त्याच्या अर्थाची भावना धरून करावा, असे सूत्र आले. अर्थाची भावना नसेल तर तो जप नव्हे, केवळ उच्चार होय, हा त्यातला आग्रह पुढच्या सगळ्या चर्चेत पुन्हा पुन्हा भेटतो.

भगवद्गीतेने हा प्रश्न सर्वसामान्य साधकाच्या अडचणीपाशी आणून ठेवला. सहाव्या अध्यायात श्रीकृष्ण ध्यानयोग सांगतात आणि अर्जुन सरळ म्हणतो की मन चंचल आहे, त्याला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे. त्याला उत्तर मिळते ते अभ्यास आणि वैराग्य यांचे. बाराव्या अध्यायात अव्यक्ताच्या उपासकांना अधिक क्लेश पडतात, कारण देहधाऱ्याला अव्यक्ताची गती मोठ्या कष्टाने लाभते, असा स्पष्ट निर्वाळा येतो. समोर काहीही न ठेवता मन देवावर कसे ठेवायचे, हा प्रश्न केवळ वेदान्ताचा नाही. जिथे जिथे माणूस डोळे मिटून देवापुढे बसला, तिथे तिथे तो उभा राहिला.

त्याचे एक हृदयद्रावक उदाहरण इजिप्तच्या वाळवंटात सापडते. इसवी सनाच्या चौथ्या शतकात शहरे सोडून हजारो ख्रिस्ती तापस तिथे राहत होते. त्यांच्यात काही काळ राहून आलेल्या जॉन कॅशियनने नंतर त्यांचे संवाद लिहून काढले आणि त्यांत सेरापियन नावाच्या वृद्ध तापसाची हकीकत दिली आहे. ३९९ साली अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस याने देवाला मानवी आकार आहे असे मानणे चूक असल्याचे पत्र काढले. उभे आयुष्य मनात देवाचे मनुष्यरूप धरून प्रार्थना करणाऱ्या सेरापियनला हे पटेना. शेवटी एका विद्वान डीकनने, म्हणजे चर्चमधील कनिष्ठ धर्माधिकाऱ्याने, शास्त्राधाराने त्याची समजूत घातली, सर्वांना आनंद झाला आणि सगळे आभाराच्या प्रार्थनेला उभे राहिले. त्या प्रार्थनेत सेरापियनला समोर कोणीच दिसेना. तो जमिनीवर कोसळला आणि ‘माझा देव त्यांनी माझ्यापासून नेला, आता मी कोणाला धरू?’ म्हणून रडू लागला. सगुण आणि निर्गुण यांच्या वादाची आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली आहे, परंतु त्या वादाची किंमत प्रत्यक्ष प्रार्थना करणाऱ्याला कशी मोजावी लागते, हे इतक्या थेटपणे फार थोड्या ठिकाणी नोंदलेले आढळते.

कॅशियनने ही हकीकत सांगितली ती उत्तर देण्यासाठी. त्याच प्रकरणात त्याचा सोबती जर्मानस आयझॅक या वडीलधाऱ्या तापसाकडे अर्जुनाचीच तक्रार घेऊन जातो : प्रार्थनेला बसले की मन एका वचनावरून दुसऱ्यावर भरकटते, कशावरच टिकत नाही. आयझॅक त्याला बायबलच्या स्तोत्रसंहितेतील एकच ओळ देतो, तिचा आशय असा : देवा, माझ्या साहाय्याला ये, प्रभू, मला साहाय्य करायला त्वरा कर. भूक अनावर होईल तेव्हा, झोप लागणार नाही तेव्हा, राग चढेल तेव्हा, मन प्रसन्न होऊन गर्व येईल तेव्हाही हीच ओळ म्हणावी. काम करताना, प्रवासात, झोपताना आणि उठताना ती सोडू नये. ही ओळ म्हणजे मागणे आहे, म्हणून ती प्रार्थना. तिच्यावर मन एकाग्र होते, म्हणून ती ध्यानही. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जो नियम घालून दिला, त्यातही दिवसाच्या उपासनांचा आरंभ याच ओळीने करायला सांगितले आहे.

यहुदी परंपरेत इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर बलिदानाची जागा नियमित प्रार्थनेने घेतली. पूर्वीचे भक्तिमान लोक प्रार्थनेआधी एक तास थांबत, जेणेकरून अंतःकरण देवाकडे वळावे, असे मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात म्हटले आहे. शब्दांआधीची ही शांतता म्हणजे ध्यानच होय. इस्लाममध्ये पाच वेळच्या नमाजाला सूफींनी झिक्रची, म्हणजे ईश्वराच्या नामस्मरणाची जोड दिली. ईश्वराच्या स्मरणानेच अंतःकरणांना शांती लाभते, हे कुरआनातील वचन त्यांचा आधार होते. या संदर्भात अल-गझालींचे चरित्र विसरता येत नाही. बगदादच्या निझामिया विद्यापीठातले ते अग्रगण्य आचार्य. १०९५ साली त्यांची वाणीच बंद पडली, शिकवणे अशक्य झाले आणि पद, प्रतिष्ठा सोडून ते दमास्कसला गेले. तिथल्या मशिदीच्या मिनारात दार लावून ते दिवस घालवीत. पुढे त्यांनी साधनेची जी रीत लिहून ठेवली, तिच्यात साधकाने एकांतात बसून ईश्वराचे नाम घेत राहावे, हळूहळू जिभेची हालचाल थांबावी, मग शब्दाचा आकारही गळून पडावा आणि केवळ अर्थ अंतःकरणात उरावा, असा क्रम आहे. पतंजलींनी सांगितलेली अर्थभावना इथे वेगळ्या भाषेत, वेगळ्या श्रद्धेच्या माणसाच्या अनुभवातून आलेली दिसते.

मराठी वाचकाला या इतिहासातले सर्वांत जवळचे स्थान अर्थातच ज्ञानदेवांचे. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात त्यांनी नाथपंथातून आलेला योगमार्ग इतक्या बारकाईने वर्णिला आहे की मूळ गीतेच्या श्लोकांत तो सारा तपशील नाही : मूळबंध, जालंधरबंध, कुंडलिनीचे जागे होणे, देहात घडणारे बदल. या मार्गाला ते पंथराज म्हणतात. परंतु ज्ञानदेवांच्या नावाने घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या हरिपाठात ‘योगयाग विधी येणे नोहे सिद्धी’ असे निःसंदिग्ध शब्द आहेत आणि भावावाचून देव कळत नाही, असे लगेच पुढे म्हटले आहे. मला यात विसंगती दिसत नाही. योगाची खडतर वाट ज्याने इतकी जवळून दाखवली, त्यानेच ती सर्वांना चालता येणार नाही हे ओळखून देवाच्या दारात क्षणभर उभे राहण्याला मुक्तीचे मोल दिले, यात फार मोठी करुणा आहे. शिवाय नामाला वेळ लागत नाही, अधिकार लागत नाही, संन्यासही लागत नाही. पुढे नामदेवांपासून तुकारामांपर्यंत ज्या जातींना वेदमंत्रांचा अधिकार नव्हता त्या जातींतले संत नामाच्या बळावरच उभे राहिले आणि गुरू नानकांनी (१४६९–१५३९) नामसिमरन हेच साधनेचे केंद्र मानून ते प्रपंच आणि श्रम यांच्याशी जोडले.

ज्ञानदेवांनी समाधी घेतली त्या १२९६ च्या सुमारासच ग्रेगरी पालामास याचा जन्म झाला. ग्रीसमधील अ‍ॅथोस पर्वतावरचे साधू येशूच्या नावाची छोटी प्रार्थना श्वासाच्या लयीत म्हणत. मान झुकवून, दृष्टी हृदयाच्या दिशेने ठेवून बसत. इटलीतील कॅलाब्रियाहून आलेल्या बार्लाम या विद्वानाने त्यांच्यावर कडाडून टीका केली आणि बेंबीत आत्मा शोधणारे म्हणून त्यांना हिणवले. त्याची भाषा अनुदार होती; प्रश्न मात्र खरा होता. ईश्वर जर बुद्धीच्या पलीकडे आहे, तर बसण्याच्या आणि श्वास घेण्याच्या रीतीने तो कसा अनुभवाला येईल? या साधूंपैकीच एक असलेल्या पालामासने उत्तर दिले की ईश्वराचे स्वरूप अगम्यच आहे, परंतु त्याच्या शक्ती ईश्वराहून वेगळ्या नाहीत आणि त्यांच्याद्वारे तो माणसाला खरोखर भेटतो. देहही या भेटीतून वगळलेला नाही. कॉन्स्टँटिनोपल येथे १३४१ आणि १३५१ साली भरलेल्या धर्मसभांनी पालामासची बाजू मान्य केली. साधनेचे तंत्र ईश्वराला आणू शकत नाही, ते केवळ साधकाला तयार करते, हा भेद या वादातून स्पष्ट झाला. अ‍ॅथोसच्या परंपरेतील लेखांचा मोठा संग्रह १७८२ साली व्हेनिसमध्ये छापला गेला आणि त्यानंतर ही प्रार्थना मठांबाहेरच्या सामान्य माणसांपर्यंत, विशेषतः रशियात, दूरवर पोचली.

पश्चिम युरोपात सोळाव्या शतकात स्पेनच्या आविला येथील तेरेसा (१५१५–१५८२) हिने साधनेचा इतिहास आतून लिहिला. धर्मगुरूंच्या आज्ञेवरून लिहिलेल्या आत्मचरित्रात तिने मोकळेपणाने नोंदवले आहे की काही वर्षे प्रार्थनेला बसल्यावर तास कधी संपतो आणि घड्याळाचा ठोका कधी पडतो याकडेच तिचे लक्ष असे. साधनेच्या चार अवस्था तिने बागेला पाणी देण्याच्या चार रीतींनी समजावल्या : आधी विहिरीतून हाताने शेंदून, मग रहाटाने, नंतर ओढ्याचे पाणी वळवून आणि शेवटी पावसाने, ज्यात माळ्याचे कष्ट उरतच नाहीत. सेरापियनचा प्रश्न तिलाही पडला. उंच अवस्थेत येशूचे मानवी रूप बाजूला सारावे, असे सांगणाऱ्या पुस्तकांच्या नादी आपण काही काळ लागलो याची तिला आयुष्यभर खंत वाटली आणि देह असलेल्या माणसाला सगुणाचा आधार सोडता येत नाही, असा निर्णय तिने अनुभवाच्या जोरावर दिला. पुष्कळ विचार करण्यापेक्षा पुष्कळ प्रेम करणे महत्त्वाचे, हे तिचे सांगणे गीतेच्या बाराव्या अध्यायाला किती जवळचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

विसाव्या शतकात यांतले दोन प्रवाह एकमेकांना प्रत्यक्ष भेटले. १९५० च्या दशकात ब्रिटिश वसाहतीच्या सेवेत मलायात असलेला जॉन मेन हा आयरिश वंशाचा तरुण कामानिमित्त क्वालालंपूरमध्ये स्वामी सत्यानंदांच्या आश्रमात गेला. स्वामींनी त्याला धर्म बदलायला सांगितले नाही. स्वतःच्याच श्रद्धेतील एक शब्द निवडून सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास त्याचा जप करायला सांगितले. १९५९ साली तो बेनेडिक्टच्या संघात दाखल झाला तेव्हा ही पद्धत ख्रिस्ती नसल्याचे सांगून ती सोडायला लावण्यात आले आणि त्याने आज्ञा पाळली. पुढे अनेक वर्षांनी कॅशियनचे लेखन वाचताना आयझॅकच्या तोंडी त्याला तोच उपदेश भेटला, तोही आपल्याच संघाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथात. १९७५ साली त्याने लंडनच्या ईलिंग मठात सामान्य लोकांसाठी ध्यानकेंद्र सुरू केले.

या भेटीने बार्लामचा जुना प्रश्न पुन्हा समोर आला. १९८९ मध्ये व्हॅटिकनच्या, म्हणजे रोमन कॅथलिक धर्मपीठाच्या, श्रद्धातत्त्वविषयक विभागाने ध्यानाच्या पद्धतींवर एक पत्र प्रसिद्ध केले. इतर धर्मांतील उपयुक्त रीती घ्यायला त्यात सरसकट मनाई नाही. प्रार्थना ही ईश्वराशी होणारी भेट आहे हे भान सुटू नये, एवढी अट आहे. मात्र आसनाने किंवा श्वासाने मिळणाऱ्या शांत, सुखद संवेदनांना कोणी ईश्वरकृपेचा अनुभव समजू लागला आणि त्याचे नैतिक वर्तन त्या अनुभवाला साजेसे नसेल, तर तो स्वतःची फसवणूक करून घेत आहे, असा इशारा त्या पत्रात कडक शब्दांत दिलेला आहे.