लोखंडाला पाणी, लाकडाला तेल

मृगाच्या आधीचे आठ दिवस आमच्या गावच्या लोहाराकडे टेकायला जागा नसते. वखराच्या पासा, डवऱ्याच्या पासा, विळे, कुऱ्हाडी यांचा ढीग लागलेला, आणि ज्याला त्याला उद्याच वावरात जायचं असतं. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. बाहेर 45 अंश, आत भट्टी. मी माझा विळा घेऊन नंबर लावला होता.

त्यानं विळा लालभडक केला, ठोकून पातळ केला, पुन्हा तापवला आणि फक्त धारेची बाजू बादलीत बुडवली. सगळा विळा नाही. बाहेर काढून धार विटेच्या तुकड्यावर दोनदा घासली, चकाकी आणली, आणि मग काहीच न करता नुसता बघत बसला. विळ्याच्या पाठीत अजून धग होती. ती हळूहळू धारेकडे सरकू लागली आणि चकाकलेल्या पट्ट्यावर रंग चालत आले. आधी पिवळा, त्याच्या मागे तपकिरी, त्याच्या मागे जांभळा. पिवळा धारेला टेकला तसा विळा पूर्ण पाण्यात गेला.

"एकाच डावात कायले बुडवत नाही?" मी विचारलं.

"मंग ते काचावानी होते, सर. गोट्यावर लागलं का टुकडा उडते. जास्त पाणी चढलं तं तुटते, कमी चढलं तं मुडते. मधातलं पायजे."

धातुशास्त्राच्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण त्यानं चार वाक्यांत उरकलं होतं. तापलेलं लोखंड विझवून कडक करण्याला पाणी पाजणं म्हणतात. पाणी लोखंडाच्या आत चढत नाही, हे त्यालाही माहीत आहे. शब्द मात्र फार जुना. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत शस्त्रांना काय काय पाजावं याची यादी आहे. केळीची राख ताकात कालवून दिवसभर ठेवावी आणि त्यात लोखंड विझवावं, असाही एक प्रकार त्यात आहे. तिथला शब्द आहे 'पायित', म्हणजे पाजलेलं. आपण विळा 'पाजवून' आणतो तो याच घराण्यातला. राखेचा उल्लेखही अगदीच पोकळ नाही. तापलेल्या लोखंडाभोवती वाफेचा पडदा तयार होतो आणि थंड होणं मंदावतं. क्षाराच्या किंवा मिठाच्या पाण्यात तो पडदा लवकर फुटतो.

आत काय होतं ते असं. विळ्याचं पोलाद म्हणजे लोखंड आणि अर्धा-पाऊण टक्का कार्बन. थंड लोखंडात अणूंची मांडणी अशी असते की कार्बनला मध्ये शिरायला जवळजवळ जागाच नसते. साधारण 727 अंशांच्या वर ही मांडणी बदलू लागते, जागा होते आणि कार्बन लोखंडात विरघळतो. आता सावकाश थंड केलं तर कार्बन शिस्तीत बाहेर पडतो आणि लोखंड मऊ राहतं. एकदम पाण्यात घातलं तर त्याला निघायला वेळच मिळत नाही. मांडणी परत आकसायला बघते, पण कार्बन आत अडकलेला. अणूंचे थर ताणले जातात, एकमेकांवरून घसरू शकत नाहीत. न घसरणं म्हणजेच कडकपणा. या अवस्थेला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. पण घसरता येत नसेल तर घाव बसल्यावर तुटण्याशिवाय इलाज उरत नाही. म्हणून मागाहून थोडी ऊब द्यायची. थोडा कार्बन सुटतो, थोडा ताण सैलावतो, चिवटपणा परत येतो. पिवळा रंग म्हणजे साधारण 220-230 अंश, निळा म्हणजे 300 च्या आसपास. पाण्यावरच्या रॉकेलच्या तवंगात रंग दिसतात तसाच हा ऑक्साइडच्या पातळ पापुद्र्याचा खेळ. आमच्या लोहाराचा तापमापक तोच.

यात एक अट आहे. लोखंडात कार्बनच नसेल तर कितीही पाजा, पचत नाही. म्हणून तो ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा शोधतो. भंगारातला तुकडा आधी ग्राइंडरला लावून बघतो. ठिणग्या सरळ रेषेत गेल्या तर बाजूला टाकतो, फुलझडीसारख्या फुटल्या तर ठेवून घेतो. फुटणं हे कार्बनचं काम.

पाठीतली ऊब धारेला द्यायची ही त्याची युक्ती गावातल्या प्रत्येक घरकुलात पुरलेली आहे. टीएमटी गज, म्हणजे काँक्रीटमध्ये घालायची सळई, गिरणीतून लालभडक निघतो, त्यावर क्षणभर पाण्याचे जोरदार फवारे मारतात. वरची साल कडक होते, गाभा तापलेलाच राहतो. मग गाभ्यातली उष्णता बाहेर येते आणि सालीला नरमवते. बाहेर ताकद, आत लवचिकपणा, एकाच गजात. आमच्याकडे गज वाकवायला तो आगीत धरणारे मिस्त्री अजून आहेत. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की बाबांनो, ज्याचे पैसे दिले ते तुम्ही भट्टीत घालताय.

पाणी दिलं की लोखंड कडक होतं, असा नियम करून टाकावा म्हटलं तर आपलाच विदर्भ आडवा येतो. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गला मँगनीजची मोठी उघडी खाण आहे. चंद्रपूरच्या कारखान्यात फेरोमँगनीज, म्हणजे लोखंड-मँगनीजचं मिश्रण, तयार होतं आणि ते पोलादात मिसळतात. थोडं मँगनीज जवळपास प्रत्येक पोलादात असतंच. पण 1882 मध्ये रॉबर्ट हॅडफील्ड या तरुण इंग्रजानं ते 12-13 टक्क्यांपर्यंत नेलं. हे पोलाद हजार अंशांच्या वर तापवून पाण्यात विझवलं तर कडक होण्याऐवजी चिवट होतं. सगळं उलटंच! कडक ते होतं मार खाऊन. जितके ठोके बसतील तितका वरचा थर घट्ट होत जातो आणि आतला भाग चिवटच राहतो. गिट्टीच्या क्रशरचे जबडे आणि रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात तिथले तुकडे म्हणून याचेच करतात.

माझा विळा निवेपर्यंत लोहाराचा घण निसटायला लागला. दांडा तिवसाचा, उन्हाळ्यात आकसलेला. त्यानं घण दांड्यासकट बादलीत टाकला. सगळेच असं करतात. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची मोळी. ओल्या लाकडातलं नळ्यांच्या पोकळीतलं पाणी गेलं तरी ते आकसत नाही. ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली आला की नळ्यांच्या भिंतीतलं पाणी जायला लागतं आणि तिथून खरं आकसणं सुरू होतं. तेही लांबीत जवळजवळ नाही, रुंदीतच. वर्षवलयांच्या कडेकडेनं तर गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळपास दुप्पट. म्हणून फळी वाकडी होते. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकडातला ओलावा 5-6 टक्क्यांवर येतो, श्रावणात 15 च्या पुढे जातो. मे महिन्यात खडखडणारं दार पोळ्याला लाथ मारून उघडावं लागतं ते यामुळे. प्लायवूडमध्ये एका थरावर दुसरा थर आडवा चिकटवतात. प्रत्येक थराची न आकसणारी लांबी शेजारच्याची रुंदी धरून ठेवते.

बादलीतला घण मात्र मला पटत नाही. दांडा फुगतो, पण लोखंडी नेढं त्याला फुगू देत नाही, त्यामुळे आतले तंतू दबून चिरडतात. वाळल्यावर दांडा पहिल्यापेक्षा बारीक होतो. जुने सुतार जवसाचं तेल पाजायचे, ते बरोबर होतं. हे तेल वाळत नाही, जमतं. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लाकडाच्या पृष्ठभागात मेणचट, घट्ट जाळं तयार होतं. एका अर्थानं शेतातून आलेलं प्लास्टिकच. 2018 मध्ये अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात तर लाकूड रसायनांत उकळून, गरम दाबाखाली त्याची जाडी जवळपास पाचव्या भागावर आणली आणि त्याची ताकद दहापटीहून जास्त वाढली.

प्लास्टिकचं गणित कापसावाल्याला लवकर कळतं. धाग्याची लांबी चांगली तर सूत मजबूत, तंतू तुटके तर सूत ओढलं की सुटतं. प्लास्टिकचे रेणू असेच लांबलचक तंतू असतात. ते रचले कसे, यावरही बरंच ठरतं. कडब्याची पेंढी घट्ट बांधली जाते. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांची, बांधायला जा, फांद्या मध्ये येतात, भारा फुगीर राहतो. 1933 मध्ये इंग्लंडमध्ये प्रचंड दाबाखाली जे पॉलिथिन अचानक हाती लागलं, ते पऱ्हाटीसारखं फांद्यांचं होतं, मऊ पिशवीचं. 1953 मध्ये कार्ल त्सीग्लर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं उत्प्रेरक वापरून कडब्यासारखे सरळ रेणू बनवले. संत्र्याचे क्रेट बनतात ते या दुसऱ्याचे. पदार्थ तोच, फक्त फांद्या छाटलेल्या.

प्लास्टिकचा वैरी पाणी नाही, ऊन आहे. उन्हातले अतिनील किरण साखळी तोडतात आणि ऑक्सिजन ती तूट वाढवत नेतो. तेलात रेणू जोडणारा ऑक्सिजन इथे कात्री चालवतो. मी एकदा स्वस्तात मिळाला म्हणून काळा पाइप घेतला. दुसऱ्या उन्हाळ्यात तो उचलला तर हातात खडूसारखी भुकटी आली आणि वाकवला तिथे चिरला. चांगल्या पाइपात 2 ते 3 टक्के अगदी बारीक काजळी सगळीकडे सारखी मिसळलेली असते. ती ऊन स्वतःवर घेते आणि रेणू वाचवते. नुसता काळा रंग ते काम करत नाही, आणि आधीच एकदा वापरून तुटके झालेले रेणू पुन्हा वितळवल्यानं लांब होत नाहीत. माझ्या पाइपात यातलं काय होतं ते मी तपासलं नाही. पैसे गेले ते गेले.

निघताना भात्याकडे लक्ष गेलं. चामड्याचा भाता जाऊन आता विजेचा पंखा आहे. पंख्यापासून भट्टीपर्यंत हवा पीव्हीसीच्या पाइपातून येते, पण शेवटचा हातभर तुकडा लोखंडी आहे. पीव्हीसी साधारण 80 अंशांना नरम पडतं. त्याला हा आकडा माहीत नव्हता. "पयले प्लास्टिकचाच नेला होता शेवटपर्यंत," तो म्हणाला, "सापावानी लोंबला."